गोळीचा ड्रॉप मनात काढताना या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक नेमबाजांची सुरुवात १० मीटरच्या एअर रायफलवर होते आणि तिथे ड्रॉपचा, म्हणजे गोळी वाटेत किती खाली पडते याचा, हिशेब कुणी करत नाही. पेलेट साधारण १७० मीटर प्रति सेकंद वेगाने निघतं, टार्गेटपर्यंत पोचताना पावणेदोन सेंटिमीटर खाली येतं आणि ते झीरो करतानाच, म्हणजे एका ठरलेल्या अंतरावर गोळी नेमकी टिपल्या जागी लागेल अशी साइट जुळवतानाच, भरून निघतं. अंतर कधी बदलत नाही, म्हणून आकडाही बदलत नाही. अडचण येते ती .२२ ची रायफल घेऊन ५० मीटरवर, तिथून १०० मीटरवर गेल्यावर, किंवा ३०० मीटरच्या बिग बोअरकडे (मोठ्या काडतुसाच्या रायफलकडे) आणि त्याच्याही पुढच्या अंतरांकडे वळल्यावर. मोबाइलमधलं अ‍ॅप तिथे आकडा देतं. पण अ‍ॅपमध्ये भरलेली माहितीच चुकीची असेल तर अ‍ॅप तितक्याच ठामपणे चुकीचा आकडा देतं, आणि तो पकडायला डोक्यात काहीतरी लागतं.

मनातल्या गणिताचं काम एवढंच. त्यातून ०.१ मिलपर्यंत अचूक उत्तर यायची गरज नाही (मिल म्हणजे दुरुस्ती मोजायचं कोनाचं माप, १०० मीटरवर १० सेंमी). कार्डावर, म्हणजे कुठल्या अंतराला किती मिल याच्या तक्त्यावर, ५.५ लिहिलंय आणि डोकं म्हणतंय तीनच्या आसपास, तर थांबायचं. दोघांपैकी एक चुकतंय. पुढच्या बहुतेक चुका पाहिल्या तर लक्षात येईल की बेरीज-वजाबाकी क्वचितच चुकते. चुकतं ते एकक, झीरो, नाहीतर आपण नेमकं काय मोजतोय याचं भान.

खाली दोनच उदाहरणं सगळीकडे वापरली आहेत. पहिलं .२२ एलआरचं: ४० ग्रेनची स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळी, नळीच्या तोंडाशी वेग ३२६ मी/से, झीरो ५० मीटरवर, स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापासून ४ सेंमी वर. दुसरं .३०८ चं: १७५ ग्रेनची बोटटेल गोळी, ७९० मी/से, झीरो १०० मीटरवर, स्कोप ५ सेंमी वर, समुद्रसपाटीची हवा. तुमच्या रायफलचे आकडे वेगळे येतील. पद्धत तीच राहील. आणि हे सगळं परवाना असलेल्या रेंजपुरतंच. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्याशी खेळ करू नये, येऊरच्या जंगलात तर अजिबात नाही.

नळीची रेघ आणि नजरेची रेघ एकच समजणं

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

नळीतून सुटल्या क्षणापासून गोळी खाली पडायला लागते. किती पडली हे फक्त तिला लागलेल्या वेळावर ठरतं: सेंटिमीटरमध्ये ४९० गुणिले वेळेचा वर्ग. .२२ ला १०० मीटरपर्यंत सरासरी वेग ३०० मी/से धरा, म्हणजे वेळ एक तृतीयांश सेकंद. त्याचा वर्ग एक नवमांश, आणि ४९० भागिले ९ म्हणजे ५४ सेंमी. हवा पुढे जाणाऱ्या गोळीला अडवते तशी पडणाऱ्या गोळीलाही थोडी अडवते, म्हणून विसावा हिस्सा कमी करा. आले साधारण ५२ सेंमी. ५० मीटरला सरासरी वेग थोडा जास्त, ३१५ च्या आसपास, म्हणून वेळ ०.१६ सेकंद आणि पडणं १२ सेंमी.

आता चूक पाहा. ५२ सेंमी आले म्हणून १०० मीटरवर ५.२ मिल लावायचे, असं म्हणणारे भेटतात. हे ५२ सेंमी नळीच्या सरळ रेघेपासून मोजलेले आहेत, आपण मात्र स्कोपमधून बघतो. झीरो करताना नळी स्कोपच्या मानाने आधीच थोडी वर उचलली गेली आहे. ५० मीटरवर गोळी १२ सेंमी पडते आणि ती निघतेच ४ सेंमी खालून, म्हणजे नळी ५० मीटरवर १६ सेंमी वर बघतेय. १०० मीटरवर ती ३२ सेंमी वर बघेल. म्हणून हिशेब असा:

५२ − ३२ + ४ = २४ सेंमी.

शेवटचे ४ म्हणजे गोळी मुळात स्कोपच्या खालून निघाली होती ते. १०० मीटरवर १ मिल म्हणजे १० सेंमी, तेव्हा २.४ मिल. ०.१ मिलच्या टरेटवर, म्हणजे स्कोपवरच्या दुरुस्तीच्या चकतीवर, २४ क्लिक. ५२ क्लिक दिले असते तर गोळी २८ सेंमी वर गेली असती, म्हणजे बहुधा टार्गेटच्या फ्रेमवरून.

हाच हिशेब ७५ मीटरला करून बघा. पडणं २८ सेंमी, नळीची उचल १६ ची दीडपट म्हणजे २४, वर ४: उत्तर ८ सेंमी. पण ७५ मीटरवर १ मिल म्हणजे साडेसात सेंमी, म्हणून ११ क्लिक. इथे ८ सेंमी म्हणून ८ क्लिक देणं ही दुसरी नेहमीची चूक. मिलचे सेंटिमीटर अंतराबरोबर बदलतात: शंभराच्या पटीला दहाने गुणा, ७५ मीटर म्हणजे ०.७५ शेकडा, म्हणजे ७.५. आणि २५ मीटरला उत्तर उलट्या बाजूला येतं: ३ − ८ + ४ = उणे १, म्हणजे गोळी नजरेच्या रेघेच्या एक सेंटिमीटर वर लागते. जवळ आलो तर खाली टिपायचं, हे ऐकून नवा मुलगा "सर, उलटं सांगताय का?" असं विचारतो. उलटं नाही, हिशेबातच आहे.

स्कोपची उंची अंदाजाने भरू नका. बोल्टच्या मध्यापासून स्कोपच्या नळीच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा. वरच्या उदाहरणात ४ ऐवजी ६ धरले तर १०० मीटरचं उत्तर २ सेंमीने बदलतं. उंच रिंग लावलेल्या रायफलवर अ‍ॅपमधला आधीपासून भरलेला आकडा तसाच राहून जातो आणि दोष काडतुसावर येतो.

अंतर दुप्पट म्हणून ड्रॉप दुप्पट

.३०८ च्या उदाहरणाचं कार्ड साधारण असं येतं. २०० मीटरला ०.७ मिल, ३०० ला १.६, ४०० ला २.७, ५०० ला ४.०, ६०० ला ५.५.

३०० ला १.६ म्हणजे ६०० ला ३.२, असं मनात येणं साहजिक आहे. खरा आकडा ५.५. फरक २.३ मिलचा, आणि ६०० मीटरवर एक मिल ६० सेंटिमीटरचा. गोळी जवळजवळ १ मीटर ४० सेंमी खाली, टार्गेटच्या पुढ्यात मातीत. वेळ दुप्पट झाली तर पडणं चौपट होतं, आणि वाटेत गोळीचा वेगही उतरत जातो, म्हणून पडणं चौपटीपेक्षाही जास्त. मिल हा कोन आहे, त्यामुळे तो इतका भडकत नाही, तरी या उदाहरणात तिपटीच्या वर जातो.

पाठ करायचं असेल तर आकडे पाठ करू नका, आकड्यांमधल्या फरकाकडे बघा. ०.७ च्या पुढे वाढ ०.९, मग १.१, १.३, १.५. प्रत्येक शेकड्याला वाढीत ०.२ ची भर. सुरुवात ०.७ आणि पायरी ०.२, एवढं लक्षात राहिलं की सगळं कार्ड डोक्यात उभं राहतं. ७०० ला पुढची वाढ १.७, म्हणजे ७.२. दोन शेकड्यांच्या मधलं अंतर असेल तर सरळ प्रमाणात वाटून घ्या: ५५० ला ४.० अधिक दीडचा निम्मा, पावणेपाच. इथे सरळ प्रमाण चालतं, चूक ०.०३ मिलच्या आत राहते.

तुमच्या काडतुसाची पायरी काढायला कमीत कमी तीन खात्रीचे आकडे हवेत. दोनवरून पुढचं सगळं काढू नका. आणि गोळीचा वेग आवाजाच्या वेगाजवळ उतरला, साधारण ४०० मी/से च्या खाली, की ही पायरी मोडते. या उदाहरणात ते ७०० मीटरच्या पुढे होतं. तिथून पुढे तोंडी हिशेब बंद, कार्ड आणि प्रत्यक्ष मारून बघणं.

यार्डाचं सूत्र मीटरवर वापरणं

इंटरनेटवरची बहुतेक सोपी सूत्रं अमेरिकेतून येतात आणि ती यार्डांत असतात. त्यातलं एक फार फिरतं: अंतराच्या शेकड्यातून एक ठरलेला आकडा वजा करा, आलेलं उत्तर मिल. वरच्या .३०८ ला ४०० ते ६०० यार्डांत दीड वजा केलं तर उत्तर खऱ्याच्या ०.२ मिलच्या आत येतं. म्हणजे सूत्र तेवढ्या टापूत चांगलं आहे. तेच मीटरवर लावा: ६०० मीटर, ६ वजा दीड, ४.५ मिल. हवेत ५.५. एक मिल कमी, ६० सेंमी खाली. मीटरमध्ये वजा करायचा आकडा ४०० ला १.३, ५०० ला १.०, ६०० ला ०.५ असा घसरतो, म्हणजे "ठरलेला आकडा" असा काही उरतच नाही. सूत्र वापरायचंच असेल तर आधी अंतर यार्डांत न्या.

त्यासाठी मीटरमध्ये दहावा हिस्सा मिळवा: ६०० चे ६६० यार्ड, खरे ६५६. चालतं. उलट करताना मात्र दहावा हिस्सा वजा केला तर ६०० यार्डांचे ५४० मीटर येतात आणि खरे ५४९ आहेत. अकरावा हिस्सा वजा करा. अवघड वाटत असेल तर दहावा वजा करून शेकड्यामागे दीड मीटर परत मिळवा.

अ‍ॅपमधली सेटिंग ही याच चुकीची दुसरी जागा. अंतर मीटरवर, वेग फूट प्रति सेकंदावर, वारा मैलांवर, अशी खिचडी कितीतरी फोनमध्ये असते. ६०० यार्डांच्या टार्गेटला ६०० मीटरचा आकडा लावला तर ०.८ मिल जास्त जातात, तिथे ते ४४ सेंमी होतात. फोन बदलला, अ‍ॅप नव्याने टाकलं, की सगळ्यात आधी एककं बघा.

मिलचं रेटिकल, एमओएचा टरेट

रेटिकल म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या खुणा, एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. जुन्या आणि स्वस्त स्कोपमध्ये ही जोडी अजून दिसते. रेटिकलमध्ये दोन मिल खाली दिसलं म्हणून टरेटवर दोन एमओए दिले, तर दुरुस्तीचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग राहूनच गेला. १ मिल म्हणजे ३.४४ एमओए. ज्यांच्या आजोबांनी औटकी पाठ करून घेतली असेल त्यांना हे सोपं आहे, कारण औट म्हणजे साडेतीन: साडेपाच मिलचे सव्वाएकोणीस एमओए. खरे १८.९. शेवटी किंचित खाली उतरवायचं, झालं. एमओएवरून मिलवर यायला ०.३ ने गुणा आणि थोडं कमी करा.

"एक एमओए म्हणजे शंभर यार्डांना एक इंच" हेही असंच सैल वाक्य. खरं १.०४७ इंच. १०० यार्डांवर कुणाला कळणार नाही. पण ६०० मीटरवर ३३० सेंमीचा ड्रॉप इंचांवरून काढला तर १९.८ एमओए येतात, हवेत १८.९. ही ०.९ एमओएची चूक तिथे १५ सेंमीच्या वर जाते. काही स्कोपचे टरेट खरोखरच इंचाच्या हिशेबाने बनवलेले असतात, म्हणून आपल्याकडचा कुठला ते कागदावरून नाही, टार्गेटवरून ठरवा.

ते असं. १०० मीटरवर उंच कागद लावा, त्यावर ओळंब्याने सरळ उभी रेघ मारा. खालच्या खुणेवर पाच गोळ्या. टरेटवर ५ मिल चढवा आणि त्याच खुणेवर टिपून आणखी पाच. दोन ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर ५० सेंमी यायला हवं. ४८ आलं तर स्कोप ४ टक्के कमी चालतोय, आणि इथून पुढे प्रत्येक आकडा ४ टक्के वाढवून लावायचा. ग्रुप रेघेच्या डावी-उजवीकडे सरकला तर स्कोप तिरका बसलाय. पीप साइटवाल्यांनी (स्कोपऐवजी बारीक भोकातून टिपणाऱ्यांनी) ५० मीटरवर हेच करावं: दहा क्लिक द्या, ग्रुप किती मिलिमीटर सरकला ते मोजा आणि दहाने भागा. साइटवर छापलेला आकडा एका ठरावीक साइट-अंतरासाठी असतो. तुमच्या नळीवर पुढची साइट पुढे-मागे असेल तर तो लागू पडत नाही.

रेटिकल तपासायला तर गोळीही लागत नाही. ५० मीटर रायफल टार्गेटचा काळा गोल ११२.४ मिमीचा असतो. ५० मीटरवर तो बरोबर सव्वादोन मिल दिसला पाहिजे. दुसऱ्या प्रतलातल्या रेटिकलच्या स्कोपवर (मोठेपणा बदलला तरी रेटिकल तेवढंच दिसतं त्यावर) तो एकाच मोठेपणाला, बहुधा सर्वांत जास्त मोठेपणाला, सव्वादोन दिसेल. १६ वर बरोबर असलेलं रेटिकल ८ वर आणलं की प्रत्येक खूण दुप्पट मोजायची. मोठेपणा कमी करून रेटिकलवर होल्ड देणं, म्हणजे टरेट न फिरवता खुणेने टिपणं, आणि गोळी कुठे गेली ते न कळणं, हा प्रकार दर स्पर्धेत कुणाचा तरी होतो.

अंतराचाच अंदाज चुकणं

रेंजवर अंतर लिहिलेलं असतं, म्हणून ही सवय लागत नाही. अनोळखी अंतरांच्या प्रकारात मात्र सगळं गणित इथेच फसतं. ६०० मीटरजवळ २५ मीटरची चूक म्हणजे जवळजवळ ०.४ मिल, म्हणजे २० ते २५ सेंमी.

मिलवरून अंतर काढायचं सूत्र सोपं आहे: वस्तूची उंची मीटरमध्ये, गुणिले हजार, भागिले मिल. एक मीटरची पाटी दोन मिल दिसली तर ५०० मीटर. धोका वाचण्यात आहे. दोनऐवजी १.९ वाचलं की अंतर ५२६ येतं. म्हणून दिसेल त्यातली सर्वांत मोठी, माहितीच्या मापाची वस्तू मोजा. ३० सेंमीच्या पाटीपेक्षा दोन मीटरची फ्रेम घ्या. रायफल बॅगवर पक्की टेकवून, खूण वस्तूच्या काठाला लावून, दहाव्या भागापर्यंत वाचा.

नजर तयार करायला रायफल लागत नाही. बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर लांब असते. ठाणे किंवा वाशी स्टेशनवर फलाटाच्या टोकाला उभं राहून ती पूर्ण बघणं हा चांगला सराव आहे. मासुंदा तलावाच्या काठावरून पलीकडची एखादी पाटी निवडा, अंदाज लिहा, मग फोनच्या नकाशावर अंतर मोजा. लवकरच लक्षात येईल की पाण्यावरून आणि मोकळ्या सपाटीवरून, म्हणजे पाम बीच रोडच्या खाडीच्या बाजूला, वस्तू जवळ वाटतात. दोन्हीकडे इमारती असलेल्या अरुंद रस्त्यात लांब वाटतात. स्वतःची चूक कुठल्या बाजूला झुकते ते कळलं की अर्धं काम झालं. स्कोप घेऊन गॅलरीत बसायचा मोह मात्र आवरा. समोरच्या सोसायटीने पोलिसांना फोन केला तर त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

डब्यावरचा वेग खरा मानणं

डब्यावर छापलेला वेग कारखान्यातल्या चाचणीच्या नळीतला असतो. तुमची नळी लांब-आखूड असेल, चेंबर घट्ट-सैल असेल, तर वेग बदलतो. तोंडी नियम असा: वेग १ टक्का कमी झाला की पडणं २ टक्के वाढतं. .३०८ ची गोळी ६०० मीटरपर्यंत नळीच्या रेघेपासून चार मीटर पडते, त्याचे २ टक्के म्हणजे ८ सेंमी, ०.१३ मिल. वेग १५ मी/से ने कमी निघाला तर पाव मिल.

.२२ वाल्यांना वाटतं ५० मीटरवर याचा काय संबंध. आहे. एकाच डब्यातल्या दोन गोळ्यांमध्ये १० मी/से चा फरक असला तर तो ३ टक्के, पडण्यात ६ टक्के, आणि १२ सेंमीचे ६ टक्के म्हणजे ७ मिमी. ५० मीटरच्या टार्गेटचा दहाचा गोल १०.४ मिमीचा आहे. रायफल नीट स्थिर धरूनही उभा लांबट ग्रुप पडत असेल तर आधी लॉट, म्हणजे काडतुसांची खेप, बदलून बघा. साइट फिरवून हा दोष जात नाही. लॉट बदलला की झीरो पुन्हा, आणि तो तीन गोळ्यांवर नाही, दहा गोळ्यांच्या ग्रुपच्या मध्यावर. ५० मीटरवर झीरो १ सेंमी चुकला तर तो ०.२ मिल आहे, आणि तो प्रत्येक अंतरावर तुमच्या सोबत येतो.

काडतुसातली दारू तापली की वेग वाढतो. समजा तुमच्या काडतुसाला अंशामागे अर्धा मी/से फरक पडतो. सावलीतल्या डब्यापेक्षा २० अंशांनी जास्त तापलेला डबा १० मी/से वेगवान, ६०० मीटरवर १० सेंमी वर. मे महिन्यात काडतुसं उन्हात उघडी ठेवू नका आणि चेंबरमध्ये गोळी भरून वाट बघत बसू नका, तापलेल्या नळीत ती शिजते. गाडीत काडतुसं सोडून जाणं तर कायद्यानेही अंगाशी येईल.

दमट हवा जड असते हा समज

कोकणपट्टीत हे हमखास ऐकू येतं: पावसाळ्यात हवा जड होते, गोळी जास्त पडते. उलट आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, म्हणून दमट हवा थोडी पातळ असते. पण किती? ३० अंशांना अगदी कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत फरक दीड टक्क्याच्या आसपास. ठाण्यात ६० वरून ९५ टक्के आर्द्रता झाली तर अर्ध्या टक्क्याचा. विसरून जा.

तापमान आणि उंची यांना मात्र मान द्या. २० अंशांवरून ३५ वर गेलं की हवा ५ टक्के पातळ होते. समुद्रसपाटीवरून पुण्याच्या साधारण ५६० मीटर उंचीवर गेलं की तितकीच. ६०० मीटरच्या .३०८ ला याने ०.१ मिलच्या आसपास फरक पडतो. .२२ ला ५० मीटरवर तो मिलिमीटरच्या आत. तेव्हा वरळीला केलेला झीरो बालेवाडीला बदलला तर घाटाला दोष देऊ नका. प्रवासात स्कोपचा स्क्रू सैल झाला का, उजेड वेगळा आहे का, स्टॉकचा बट-प्लेट सरकला का, ते बघा.

चढ, उतार आणि तिरकी रायफल

वर मारा किंवा खाली, दुरुस्ती कमीच लागते. "वर मारताना जास्त" ही समजूत चुकीची. २० अंशांना मिल ०.९४ ने गुणा, ३० ला ०.८७ ने. आपल्या रेंजा सपाट आहेत, इतकं पुरे.

तिरकेपणा जास्त महत्त्वाचा. ६०० मीटरवर रायफल ५ अंश कलली तर गोळी खाली जेमतेम दीड-दोन सेंमी जाते, पण बाजूला ३५ सेंमी. हे वाऱ्याच्या नावावर खपतं आणि मग विंडेज (आडवी दुरुस्ती) फिरवून झीरो बिघडवला जातो. स्कोपवर पाण्याची पातळी लावा आणि ट्रिगरआधी ती बघायची सवय करा.

बिघाड कुठे आहे हे शोधताना

कार्ड आणि टार्गेट जुळत नसेल तर लगेच अ‍ॅपमधला बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे गोळीच्या हवेतल्या विरोधाचा आकडा, फिरवायला बसू नका. चूक मिलमध्ये लिहा, सेंटिमीटरमध्ये नाही, आणि तीन अंतरांवरची लिहा.

३००, ५०० आणि ६०० ला चूक सारखीच, समजा ०.२, तर झीरो चुकलाय. १०० वर जा, दहा गोळ्या मारा.

चूक आकड्याच्या प्रमाणात वाढतेय, ३०० ला ०.०६, ५०० ला ०.१६, ६०० ला ०.२२, तर दोन संशयित: स्कोप कमी चालतोय किंवा वेग कमी आहे. कागदावर दोघांचा ठसा जवळजवळ सारखा दिसतो. उंच कागदाची चाचणी आधी, कारण ती १०० मीटरवर होते आणि वाऱ्याचा घोळ नसतो. स्कोप बरोबर निघाला तर क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र), आणि वेग तोच निघाला तरच अ‍ॅपमधल्या इतर आकड्यांना हात.

जवळच्या सगळ्या अंतरांना जुळतं आणि शेवटच्या एक-दोन अंतरांनाच गोळी खाली जाते, तर गोळीचा हवेतला विरोध चुकीचा भरलाय, बहुधा जी१ चा आकडा जी७ च्या रकान्यात (हे त्या विरोधाचे दोन वेगळे मापदंड).

सगळं जुळत होतं आणि अचानक गोळी दिसेनाशी झाली, तर टरेटचा एक पूर्ण फेरा जास्त किंवा कमी आहे. १० मिलच्या फेऱ्याच्या टरेटवर ५.५ आणि १५.५ वरून सारखेच दिसतात, म्हणून खालची रेघ मोजा. झीरो-स्टॉप (टरेटला शून्याखाली जाऊ न देणारा अडसर) नसेल तर टरेटच्या बाजूला पांढऱ्या पेनने झीरोची उंची आखून ठेवा आणि प्रत्येक सिरीजनंतर शून्यावर आणून मगच रायफल केसमध्ये ठेवा.